बारमाही टायर आणि मागच्या चाकांची ताकद : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच पेचाची आहेत. गाडी ताकदवान, ताकद मागच्या चाकांना, आणि टायरचा एकच संच वर्षभर चालवायचा आहे. उत्तर प्रत्येक गावी बदलतं, म्हणून पत्रं वेगवेगळ्या हवामानांतली निवडली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २०१९ची फोर्ड मस्टँग जीटी आहे, परफॉर्मन्स पॅकेजवाली. पुढे २५५/४० आर १९ (रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ४० टक्के, रिम १९ इंची) आणि मागे २७५/४० आर १९ हे टायर आहेत. मूळचे मिशलिन पायलट स्पोर्ट ४ एस आता संपत आले. रोज ऑफिसला हीच गाडी नेतो आणि अपार्टमेंटमध्ये दुसरा संच ठेवायला जागा नाही. ऑल-सीझन, म्हणजे बारमाही टायर घेतले तर गाडी मिळमिळीत होईल का? आणि बर्फात निभावेल का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या गरजेला ऑल-सीझन योग्य आहेत, मात्र ते ‘अल्ट्रा हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन’ याच वर्गातले घ्या. फॅमिली सेडानसाठीचे ऑल-सीझन स्वस्त पडतात आणि जास्त टिकतात, पण त्यांची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, मऊ असते आणि नक्षीचे ठोकळे जास्त हलतात. ४६० अश्वशक्तीच्या गाडीखाली ते वळणावर दबतात, आणि ॲक्सिलरेटर जरा जोरात दाबला की मागची चाकं जागीच फिरतात.

निर्णय घेताना बर्फाआधी तापमान बघायचं. समर टायरचं, म्हणजे तुमच्या मूळच्या मिशलिनसारख्या उन्हाळी टायरचं, रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ४५ फॅरनहाइटच्या खाली कडक होऊ लागतं. रस्ता अगदी कोरडा असला तरी पकड उतरते. नोव्हेंबरच्या सकाळी सिग्नलवरून डावीकडे वळताना मस्टँगची मागची बाजू अचानक निसटते, तेव्हा रस्त्यावर बर्फाचा कणही नसतो. उणे ७ अंशांच्या, म्हणजे २० फॅरनहाइटच्या खाली तर अशा टायरच्या ठोकळ्यांना तडे जाऊ शकतात. इतक्या थंडीत उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर उबदार जागी पूर्ण गरम झाल्याशिवाय गाडी हलवू नये, अशी सूचना टायर कंपन्याच देतात. न्यू जर्सीत डिसेंबर ते मार्च बहुतेक सकाळी तापमान ७ अंशांच्या खालीच असतं, त्यामुळे समर टायरवर बारा महिने गाडी चालवणं तुमच्यासाठी बाद आहे.

ऑल-सीझनचं रबर थंडीतही लवचीक राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात. या चिरांच्या कडा बर्फात रुततात आणि खाचांमध्ये बर्फ धरून ठेवतात. बर्फाला बर्फच उत्तम चिकटतं, म्हणून खाचेत थोडा बर्फ अडकून राहणं इथे हिताचं असतं. याची किंमत कोरड्या रस्त्यावर मोजावी लागते. चिरलेले ठोकळे वळणावर थोडे वाकतात, स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर उशिरा वळते आणि उन्हाळ्यात ब्रेक लावल्यावर थांबायला थोडं जास्त अंतर लागतं. रोजच्या वापरात हा फरक आठवड्याभरात अंगवळणी पडतो. ट्रॅकवर मात्र पडत नाही. तिथे चार-पाच फेऱ्यांत ठोकळे तापतात आणि कडांचे तुकडे निघू लागतात. ट्रॅकवर जायचा विचार असेल तर हे टायर त्या कामाचे नाहीत.

तुमच्यासाठी आम्ही दोन नावं पुढे ठेवतो. पहिलं मिशलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४, दुसरं कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लस. मिशलिनचं स्टिअरिंग जास्त नेमकं लागतं आणि ओल्या रस्त्यावर तो समर टायरच्या बराच जवळ जातो. कॉन्टिनेंटल चालायला मऊ आहे आणि सहसा स्वस्त पडतो, आणि मोकळ्या बर्फातून बाहेर पडायला आमच्या मते तोच बरा. त्याच्या नक्षीत डी, डब्ल्यू आणि एस ही तीन अक्षरं कोरलेली असतात. एस झिजून गेलं की तो टायर बर्फाचा राहिला नाही असं समजायचं, डब्ल्यू गेलं की पावसाचाही नाही. मागच्या चाकांवरचं एस आधी जाईल, म्हणून तपासणी मागूनच सुरू करा.

टिकण्याबद्दल एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही. मिशलिनच्या या टायरला ४५,००० मैलांची हमी आहे, कॉन्टिनेंटलला ५०,००० मैलांची. पण पुढचे-मागचे आकार वेगळे असतील तर मागच्या टायरांना निम्मीच हमी मिळते. कारण उघड आहे. मस्टँगवर टायर पुढे-मागे अदलून वापरता येत नाहीत आणि ताकद सगळी मागे जाते. पुढची जोडी संपण्याआधी मागची एकदा बदलावी लागणार, हा खर्च आधीच धरून चाला.

चारही चाकांना २५५/४० लावून अदलाबदलीची सोय करून घ्यावी का, हा प्रश्न पुढे येईलच. मागचा टायर त्यामुळे व्यासाने १६ मिलिमीटर लहान होतो, म्हणजे सव्वादोन टक्क्यांहून थोडा जास्त. स्पीडोमीटर तेवढा पुढे दाखवतो आणि मागची रुंदीही जाते. बर्फात अरुंद टायर चांगलाच असतो, पण तुमची गाडी वर्षातले बहुतेक दिवस कोरड्या किंवा ओल्या रस्त्यावर चालणार आहे. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेले आकारच ठेवा. त्याच स्टिकरवरचा भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि वेगाचं अक्षरही (टायरचा कमाल वेग सांगणारं) बघा. भारांक त्याहून कमी कधीच घेऊ नका.

आता बर्फ. सपाट रस्त्यावर दोन-तीन इंच ताजा बर्फ असेल आणि खाचा किमान ५/३२ इंच, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर उरल्या असतील, तर गाडी निभावते. चढावर उभी राहिली तर पुन्हा हलणं कठीण. कोरड्या रस्त्यावर गाडी वेग घेते तेव्हा वजन मागे सरकतं आणि मागच्या चाकांना आयती पकड मिळते. बर्फात वेगच हळू घ्यावा लागत असल्याने ते वजन मागे येत नाही, आणि व्ही८ इंजिनाचा भार पुढेच राहतो. म्हणून ‘स्नो/वेट’ मोड लावा आणि मॅन्युअल गिअर असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये सुरुवात करा. उतारावर एकदम खालचा गिअर टाकू नका. इंजिनाचा तो ब्रेकही फक्त मागच्या चाकांनाच लागतो आणि गाडी आडवी होते. बर्फाचा थर बंपरच्या खालच्या कडेला लागेल इतका जाड असेल तर कुठलाही टायर उपयोगाचा नाही. त्या दिवशी घरूनच काम करा.

काचेसारखा गोठलेला बर्फ ही वेगळीच गोष्ट आहे. त्यावर ऑल-सीझनवर भरवसा ठेवू नये.

प्रश्न : माझ्या शेवरोले कमॅरो एसएसचे मागचे टायर गुळगुळीत झालेत, पुढच्या समर टायरची नक्षी अजून निम्मी शिल्लक आहे. थंडीत ताकद मागच्याच चाकांना हवी असते, तर फक्त मागे ऑल-सीझन टाकून यंदाचा हिवाळा काढता येईल का?
— एक वाचक, शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

उत्तर : नाही. या एका बाबतीत आम्ही तडजोड सुचवणार नाही.

मागे ऑल-सीझन आणि पुढे समर टायर असताना थंड सकाळी गाडी सुटेल छान. पण वळवण्याचं आणि ब्रेकचं बहुतेक काम पुढची चाकं करतात, आणि तीच तेव्हा कडक रबरावर असतात. स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जात राहील. उन्हाळ्यात चित्र उलटं होतं. पुढची पकड जास्त, मागची कमी, आणि फ्रीवेच्या रॅम्पवर पाऊस असताना पाय जरा उचलला तरी मागची बाजू फिरू लागेल. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल मदतीला धावतात, पण चारही चाकांचं रबर सारखंच वागतं असं धरूनच त्यांचा हिशेब बसवलेला असतो.

पुढच्या टायरांत खरोखर निम्मी नक्षी असेल तर दोन मार्ग आहेत. शार्लटचा हिवाळा सौम्य असतो, पण जानेवारीतल्या पहाटा शून्याजवळ जातातच. गाडी त्या दिवसांत घरी ठेवता येत असेल तर मागे पुढच्यासारखेच समर टायर टाका. रोज चालवायचीच असेल तर चारही ऑल-सीझन घ्या आणि पुढची जोडी विकून टाका. निम्म्या नक्षीच्या चांगल्या ब्रँडच्या जोडीला गिऱ्हाईक मिळतं.

जोडी बदलताना नवे टायर नेहमी मागे जातात, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. साचलेल्या पाण्यावर झिजलेला टायर आधी तरंगतो. तो पुढे असेल तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुतेक चालकांना सावरता येते. तो मागे असेल तर गाडी गरकन फिरते, आणि सावरायला वेळच मिळत नाही.

आणखी एक. बऱ्याच कमॅरोंना कारखान्यातून रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर येतात. साध्या टायरवर जाणार असाल तर गाडीत कॉम्प्रेसर आणि पंक्चर बुजवण्याचं द्रव्य ठेवावं लागेल, कारण स्टेपनीची सोय नसते.

प्रश्न : टोयोटा जीआर ८६ घ्यायच्या विचारात आहे. ऑल-सीझन लावून वर्षभर चालवता येईल असं शोरूमवाले म्हणतात. खरं आहे का?
— एक वाचक, ब्रँप्टन, ओंटारियो

उत्तर : चालवता येईल, पण चालवू नये. टोरांटो परिसरात डिसेंबर ते मार्च तापमान शून्याच्या आसपास वर-खाली होत राहतं. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं. या रस्त्यावर हिवाळी टायर आणि साध्या ऑल-सीझन टायर यांच्यातला फरक ब्रेक मारल्यावर लगेच कळतो, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीत आणखी जास्त कळतो.

या गाडीचं सुख म्हणजे चारही चाकं एकाच मापाची असतात. वरच्या मॉडेलला २१५/४० आर १८ येतात, खालच्याला २१५/४५ आर १७. तुम्ही १८ इंची गाडी घेतलीत तर हिवाळ्यासाठी १७ इंची रिमवर २१५/४५चा संच करा. दोन्हींच्या व्यासात ४ मिलिमीटरचाच फरक आहे, आणि साइडवॉल उंच असल्याने खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका कमी होतो. रिमवर बोल्टचा घेर ५ बाय १०० (१०० मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट) आणि मधलं छिद्र ५६.१ मिलिमीटर असायला हवं. ओंटारियोत हिवाळी टायरची सक्ती नाही, पण चारही हिवाळी टायर लावले तर विमा कंपन्यांना २०१६ पासून सवलत द्यावी लागते. विमा नूतनीकरणाच्या वेळी पावती दाखवा. क्वेबेकमध्ये मात्र १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे. तिथे राहणाऱ्यांना हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा संच अजिबात शक्य नसेल तर ‘ऑल-वेदर’ म्हणून विकला जाणारा टायर घ्या, त्यावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण हे चिन्ह बघूनच. मिशलिन क्रॉसक्लायमेट २ आणि ब्रिजस्टोन वेदरपीक या जातीचे आहेत. गाडीचं चपळपण त्यांच्यावर थोडं उतरेल, पण जानेवारीत तुम्ही घरी पोहोचाल.

प्रश्न : सॅन होजेत राहतो. बीएमडब्ल्यू एम२ आहे, नव्या पिढीतली. वर्षातून तीन-चारदा टाहोला स्कीइंगला जातो. एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेले ऑल-सीझन लावले तर बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्यांच्या भानगडीतून सुटका होईल ना?
— एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : अर्धीच. कॅलिफोर्नियात डोंगरातल्या रस्त्यांवर साखळीचे तीन टप्पे आहेत. आर १ लागू असताना स्नो टायर असलेल्या प्रवासी गाड्यांना साखळ्या चढवाव्या लागत नाहीत, आणि एम प्लस एस खूण असलेला टायर कायद्याने स्नो टायर धरला जातो. अट एवढीच की खाच किमान ६/३२ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास उरलेली हवी. साखळ्या गाडीत सोबत असाव्याच लागतात. आर २ मध्ये सूट फक्त चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांना, तीही चारही चाकांवर स्नो टायर असतील तरच. तुमच्या गाडीला मागची दोनच चाकं ओढतात, म्हणजे टायर जगातला सर्वोत्तम असला तरी आर २ लागला की साखळ्या चढवायच्या. आर ३ मध्ये कुणालाच सूट नाही, आणि तो लागण्याआधी रस्ता बहुधा बंदच होतो.

म्हणून तुमचा प्रश्न टायरच्या आधी साखळीचा आहे. एम२ला मागे २८५/३० आर २० असतात. टायर आणि सस्पेन्शन यांच्यामध्ये जागा फार थोडी असते. अशा गाड्यांसाठी ‘क्लास एस’ नावाच्या बारीक केबलच्या साखळ्या मिळतात. त्यांनाही टायरच्या वरच्या बाजूला सुमारे ३७ मिलिमीटर आणि आतल्या बाजूला १५ मिलिमीटर मोकळी जागा लागते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये साखळीला परवानगी असलेले आकार छापलेले असतात. तुमचा आकार त्यात नसेल तर साखळी चढवू नका. तुटलेली केबल ब्रेकची नळी आणि चाकाचा सेन्सर ओढून नेते.

आमचा सल्ला असा. सॅन होजेत हिवाळ्यातल्या सकाळी तापमान सात-आठ अंशांच्या आसपास घुटमळतं. तेवढ्यासाठी आणि पावसासाठी अल्ट्रा हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन लावलेत तर एम२चं फारसं बिघडत नाही. रविवारी डोंगरातल्या वळणांसाठीच गाडी ठेवली असेल तर समर टायरच राहू द्या आणि थंड सकाळी पहिले दहा मैल जपून चालवा. दोन्ही बाबतींत टाहोला मात्र दुसरी गाडी न्या. भाड्याची घेणार असाल तर करारात साखळ्या लावायला परवानगी आहे का, ते आधी वाचा. बऱ्याच कंपन्या ती देत नाहीत.

प्रश्न : बीएमडब्ल्यू ३३०आय, फक्त मागच्या चाकांवर चालणारी, पुढे २२५/४५ आर १८, मागे २५५/४० आर १८. दर ऑक्टोबरला टायर बदलून कंटाळलो. बारमाही टायर जर्मनीत कायद्याने चालतात का? अधूनमधून ऑस्ट्रियातही जातो.
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : कायद्याने चालतात, फक्त खूण बरोबर हवी. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर डोंगर-हिमकण चिन्ह असलेलाच टायर ग्राह्य धरला जातो. नुसतं एम प्लस एस आता चालत नाही. एम प्लस एस ही खूण नक्षीच्या ठेवणीबद्दल आहे, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. हिमकणाचं चिन्ह बर्फावरची चाचणी पार केल्यावरच मिळतं. बर्फाळ रस्त्यावर चुकीचे टायर सापडले तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदीत (चालकांच्या चुकांच्या सरकारी नोंदवहीत) एक दोष-गुण. त्यामुळे वर मस्टँगसाठी सुचवलेला पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ तुमच्या कामाचा नाही, त्यावर फक्त एम प्लस एस असतं. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थितीत खाच किमान ४ मिलिमीटर हवी. जर्मनीत कायदेशीर किमान १.६ असली तरी तुम्ही ४ हाच आकडा धरा.

निवडताना नक्षीची दिशा बघा. क्रॉसक्लायमेट २ आणि कॉन्टिनेंटल ऑलसीझनकॉन्टॅक्ट २ यांची नक्षी बाणासारखी, एकाच दिशेने फिरणारी आहे. तुमच्या गाडीचे पुढचे-मागचे आकार वेगळे, त्यात दिशा ठरलेली, म्हणजे टायर रिमवरून उतरवल्याशिवाय कुठेच हलवता येणार नाही. व्रेडेस्टाइन क्वाट्रॅक प्रो प्लसची नक्षी आतली-बाहेरची अशी आहे. तो निदान डावा-उजवा बदलता येतो, आणि ठोकळे एका बाजूने झिजून येणारी घरघर कमी होते.

वेगाचं अक्षरही बघा. तुमच्या गाडीचा कमाल वेग ताशी २५० किलोमीटर आहे. टायरवर व्ही असेल तर मर्यादा २४० होते, आणि तसं स्टिकर चालकाला दिसेल असं लावावं लागतं. डब्ल्यू किंवा वाय असेल तर स्टिकरची गरज नाही.

तरीही म्युनिकमध्ये राहून आल्प्सकडे जाणाऱ्या माणसाने दोन संच ठेवावेत असंच आम्हाला वाटतं. जुलैत ऑटोबानवर ताशी २०० ने जाताना बारमाही टायर मऊ पडतो आणि भराभर झिजतो. टायर साठवून, बदलून देणारी वर्कशॉप शहरात पुष्कळ आहेत, त्यामुळे कंटाळा वर्षातून दोन सकाळींपुरता उरतो. गाडीच्या सीओसी कागदात (कंपनीच्या अनुरूपता प्रमाणपत्रात) चारही चाकांना २२५/४५ आर १८ची परवानगी आहे का, ते बघा आणि सोबत दिलेली रिमची रुंदीही. परवानगी असेल तर हिवाळी संच त्याच मापात करा. अरुंद टायर बर्फ कापून खाली जातो आणि चारही टायर अदलूनबदलून वापरता येतात.

प्रश्न : पुण्यात मागच्या चाकांवर चालणारी जर्मन सेडान आहे, रन-फ्लॅट टायरवाली. दुकानदार म्हणतो, ‘ऑल-सीझन घ्या, पावसाळ्यात बरं.’ घेऊ का?
— एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : मुद्दाम शोधून घेऊ नका. ऑल-सीझन रबर थंडीसाठी असतं आणि पुण्याची थंडी त्या टप्प्यापर्यंत क्वचितच जाते. निफाडसारख्या ठिकाणी पारा सात अंशांखाली उतरतो त्या पहाटा सोडल्या तर महाराष्ट्रात समर टायरला अवघड असं तापमान नाही. एप्रिल-मेमधल्या तापलेल्या डांबरावर मात्र चिरा पाडलेले मऊ ठोकळे लवकर झिजतात. पावसात पकड देतात त्या मोठ्या लांबट खाचा आणि ओल्या रस्त्यासाठी बनवलेलं रबर. चांगल्या समर टायरमध्ये दोन्ही असतं.

पावसाळ्यासाठी खरी काळजी खोलीची घ्या. कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण एक्स्प्रेसवेवर साचलेल्या पाण्यात तेवढ्या खाचेतून पाणी बाहेर पडत नाही. मागच्या जोडीची खोली ३ मिलिमीटरवर आली असेल तर जूनच्या आधी बदला. मोजताना आतली कडही बघा. या गाड्यांची मागची चाकं वरून थोडी आत झुकलेली असतात, त्यामुळे बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून गोटा झालेला असतो.

आयात केलेले टायर घेताना आयएसआय खूण बघा, भारतीय मानक आयएस १५६३३ची. जून २०२० पासून टायरची आयात परवान्यावर आहे, त्यामुळे काही आकार महिनोन्महिने मिळत नाहीत. गरज पडायच्या दोन महिने आधी मागणी नोंदवा, म्हणजे दुकानात आहे तो आकार गळ्यात पडत नाही.

प्रश्न : टायर ऑनलाइन मागवून जवळच्या दुकानात बसवून घेणार आहे. बसवताना नेमकं काय बघायचं?
— अनेक वाचक

उत्तर : गाडी लिफ्टवर चढायच्या आधी चारही टायरची तारीख वाचा. साइडवॉलवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. एका जोडीतल्या तारखांत काही महिन्यांचा फरक चालतो, वर्षांचा नाही. ही पूर्ण ओळ कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असते. बसवल्यावर ती आत गेली तर वाचता येत नाही, म्हणून आधीच फोटो काढून ठेवा.

आतली-बाहेरची नक्षी असलेल्या टायरवर ‘आउटसाइड’ असं लिहिलेलं असतं. ते चारही चाकांवर बाहेरून दिसलं पाहिजे. दिशेचा बाण असेल तर तो पुढे फिरणारा हवा. घाईच्या दुकानात ही चूक होते, आणि पावसात खाचा पाणी बाहेर टाकण्याऐवजी आत ओढतात. मागचे रुंद टायर पुढे गेले नाहीत ना, हेही आकडे वाचून खात्री करा.

नट किंवा बोल्ट गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) लावायला सांगा. या पिढीच्या मस्टँगला १५० फूट-पाउंड म्हणजे सुमारे २०० न्यूटन-मीटर लागतात, बीएमडब्ल्यूच्या १४ मिलिमीटर बोल्टना १४०. शंभर मैल चालल्यावर पुन्हा एकदा तपासा. कमी आवळलेला नट सैल होतो. जास्त आवळलेल्याने डिस्क वाकडी बसते आणि ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं.

अलाइनमेंट चारही चाकांची करून घ्या. नुसती पुढची केली आणि मागची चाकं किंचित वाकडी राहिली तर नवी मागची जोडी काही हजार मैलांत आतून संपते, आणि निम्म्या हमीतलीही बरीचशी वाया जाते. जुन्या टायरची आतली कड जास्त झिजली असेल तर ते जुने टायर अलाइनमेंट करणाऱ्याला दाखवा. किती सुधारणा हवी हे त्याला त्यावरून समजतं.

हवा थंड टायरमध्ये, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. बाहेरचं तापमान दर १० अंश फॅरनहाइटने उतरलं की दाब सुमारे १ पीएसआय कमी होतो. सप्टेंबरात भरलेली हवा जानेवारीत चार-पाच पीएसआय कमी दाखवेल. डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा मात्र दाब साधारण पंचवीस टक्के उतरल्यावरच लागतो, तोपर्यंत थांबू नका.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून काढताना लागलेलं तेलकट द्रव्य असतं, आणि खोल नक्षी सुरुवातीला जास्त हलते. पहिले ३०० ते ५०० मैल ॲक्सिलरेटर आणि ब्रेक हलक्या पायाने वापरा, विशेषतः ओल्या रस्त्यावर. ट्रॅक्शन कंट्रोल या काळात बंद करू नका.